प्रोग्रेसा

मेक्सिकोतील ग्रामीण भागातील अतिदरिद्री कुटुंबांना थेट रोख साहाय्य देणारी संघ शासनाची योजना. ‘प्रोग्रामा दे एदुकासिओन, सालुद इ आलिमेंतासिओन’ (शिक्षण, आरोग्य व आहार कार्यक्रम) या स्पॅनिश नावातील आद्य अक्षरे घेऊन ‘प्रोग्रेसा’ हे संक्षिप्त नाव बनविण्यात आले. ऑगस्ट १९९७ मध्ये सुरू झालेली ही योजना २००२ मध्ये ‘ओपोर्तुनिदादेस’ (संधी) व २०१४ मध्ये ‘प्रोस्पेरा’ या नावांनी पुढे चालू राहिली आणि २०१९ मध्ये संपुष्टात आली. कुटुंबातील मातेच्या हाती नियमितपणे रोख रक्कम द्यावयाची आणि त्याबदली मुलांनी शाळेत हजर राहावे व कुटुंबाने आरोग्यकेंद्रात ठरलेल्या वेळी तपासणी करून घ्यावी, हे तिचे मूळ सूत्र होते. प्रारंभापासूनच योजनेच्या परिणामांची पद्धतशीर पाहणी झाल्यामुळे, रोख पैशाने दरिद्री ग्रामीण कुटुंबाच्या जीवनात काय बदलते व काय बदलत नाही, या प्रश्नाच्या अभ्यासात तिला महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी : मेक्सिकोत २,५०० पेक्षा कमी लोकसंख्येच्या वस्तीला ग्रामीण वस्ती मानण्याचा प्रघात आहे. १९९० नंतरच्या दशकात देशातील सु. एक चतुर्थांश लोक अशा वस्त्यांत राहत होते. त्यांतील पुष्कळ वस्त्या डोंगराळ प्रदेशात विखुरलेल्या, अवघ्या काही घरांच्या होत्या. दक्षिणेकडील चियापास, ओआहाका व गेरेरो या राज्यांत, विशेषतः मूळ रहिवासी जमातींच्या प्रदेशांत, दारिद्र्य तीव्र होते. कोरडवाहू मक्याची लहान शेती आणि हंगामी मजुरी यांवर तेथील कुटुंबे गुजराण करीत. प्राथमिक शाळा बहुतेक ठिकाणी पोहोचली होती. परंतु प्राथमिक शिक्षण संपताच अनेक मुले, त्यांतही मुली, शाळा सोडून शेतावर, मजुरीवर किंवा घरकामात गुंतत.

दारिद्र्यनिवारणाचे प्रयत्न पूर्वीही झाले होते; तथापि त्यांचा लाभ या कुटुंबांपर्यंत क्वचितच पोहोचत असे. तोर्तिया, म्हणजे मक्याची भाकरी, आणि दूध यांच्या किंमती अर्थसाहाय्य देऊन कमी ठेवण्याचे धोरण मेक्सिकोत दीर्घकाळ चालू होते. या साहाय्याचा मोठा हिस्सा शहरांत खर्च होई. घरचा मका दळून भाकरी करणाऱ्या खेड्यातील कुटुंबाला शहरी दुकानातील स्वस्त तोर्तियाचा उपयोग नव्हता. कार्लोस सालिनास यांच्या कारकीर्दीत १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘सोलिदारिदाद’ कार्यक्रमातून रस्ते, पाणीपुरवठा, शाळा इ. कामांवर मोठा खर्च झाला. परंतु निधीवाटपात सत्ताधारी पक्षाच्या सोयीचा विचार होतो, अशी टीका त्यावर झाली. १९९३-९४ पासून ‘प्रोकांपो’ योजनेखाली शेतकऱ्यांना रोख रक्कम मिळू लागली. मात्र ती लागवडीखालील क्षेत्राच्या प्रमाणात असल्याने भूमिहीन तीपासून वंचित राहिले, तर अल्पभूधारकांच्या वाट्यास फार थोडी रक्कम आली.

डिसेंबर १९९४ मध्ये पेसो या चलनाचे मोठे अवमूल्यन होऊन आर्थिक अरिष्ट उद्भवले. १९९५ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न सु. ६ टक्क्यांनी घटले. त्याआधी जानेवारी १९९४ मध्ये चियापासमध्ये झपातिस्ता उठाव झाला होता व त्यामुळे ग्रामीण दारिद्र्याकडे देशाचे लक्ष वेधले गेले होते. अशा परिस्थितीत अध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांच्या शासनातील अर्थखात्याचे उपमंत्री, अर्थशास्त्रज्ञ सांतियागो लेव्ही यांनी किंमतीवरील साहाय्य क्रमशः काढून घेऊन तोच पैसा गरीब कुटुंबांच्या थेट हाती देण्याची कल्पना मांडली. आहार, आरोग्य व शिक्षण या तीन अभावांचा परस्परसंबंध असल्याने त्यांवर एकाच वेळी उपाय व्हावा, असे लोकसंख्याशास्त्रज्ञ होसे गोमेस दे लेओन यांचे प्रतिपादन होते. तेच पुढे योजनेचे पहिले राष्ट्रीय समन्वयक झाले. १९९५ मध्ये कांपेचे राज्यात लहान प्रमाणावर प्रयोग करून झाल्यानंतर १९९७ मध्ये योजनेला देशव्यापी रूप देण्यात आले. तोर्तियावरील सर्वसाधारण साहाय्य जानेवारी १९९९ मध्ये पूर्णपणे थांबविण्यात आले.

योजनेची रचना : साहाय्याचे मुख्यतः दोन भाग होते. पहिला भाग आहारासाठी कुटुंबागणिक मिळणाऱ्या ठराविक रकमेचा व दुसरा शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या शिष्यवृत्तीचा. १९९९ च्या उत्तरार्धात आहारासाठी दरमहा १२५ पेसो मिळत. शिष्यवृत्ती प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून सुरू होई. तिसरीतील मुलाला ८० पेसो व सहावीतील मुलाला १६५ पेसो असा तिचा चढता क्रम होता. माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षात मुलास २६५, तर मुलीस ३०५ पेसो मिळत. त्या सुमारास ग्रामीण भागातील वैधानिक किमान वेतन दिवसाला सु. ३० पेसो होते. म्हणजे वरच्या वर्गातील मुलीची शिष्यवृत्ती सु. दहा दिवसांच्या वेतनाइतकी होती. मूल मोठे होते तसतसे त्याचे कमावते मोल वाढते व त्याला शाळेत ठेवणे कुटुंबाला महाग पडते, ही वस्तुस्थिती या चढत्या क्रमामागे होती. मुली अधिक संख्येने शाळा सोडत असल्यामुळे माध्यमिक स्तरावर त्यांना जास्त रक्कम ठेवण्यात आली. केवळ साहाय्यासाठी अधिक मुले होऊ देण्याची प्रवृत्ती बळावू नये म्हणून एका कुटुंबास दरमहा ७५० पेसोंची कमाल मर्यादा होती. सरासरीने ही मदत कुटुंबाच्या पूर्वीच्या उपभोगखर्चाच्या सु. एक पंचमांश भरत असे.

रक्कम दर दोन महिन्यांनी मातेच्या नावे दिली जाई. शिष्यवृत्तीसाठी शाळेतील हजेरी किमान ८५ टक्के असणे आवश्यक होते. गर्भवती स्त्रिया, अर्भके व कुटुंबातील इतर व्यक्ती यांना वयोमानानुसार ठरलेल्या वेळी आरोग्यकेंद्रात जावे लागे व मातांना आरोग्यविषयक व्याख्यानांस उपस्थित राहावे लागे. याखेरीज चार महिने ते दोन वर्षे वयाची मुले, गर्भवती व स्तनदा माता यांना पूरक पोषक आहार मिळे. दोन ते पाच वर्षे वयोगटातील कुपोषित मुलांनाही तो दिला जाई. पैसे मिळाल्यानंतर ते कशावर खर्चावेत, यावर मात्र कोणतेही बंधन नव्हते. धान्य, कपडे किंवा औषधे शासनाने ठरवून देण्याऐवजी निवड कुटुंबाकडे सोपविली गेली, हा पूर्वीच्या योजनांच्या तुलनेत मूलगामी फरक होता.

लाभार्थींची निवड दोन टप्प्यांनी होई. प्रथम जनगणनेच्या आधारे काढलेल्या अभावग्रस्ततेच्या निर्देशांकानुसार वस्त्या निवडल्या जात. नंतर त्यांतील प्रत्येक घराची पाहणी करून उत्पन्न, घराची स्थिती, कुटुंबातील व्यक्तींचे शिक्षण इ. बाबींवरून पात्र कुटुंबे ठरविली जात. ही यादी गावसभेपुढे ठेवण्यात येई. स्थानिक पुढारी वा मध्यस्थ यांना निवडीत वा वाटपात अधिकार नव्हता. शाळा व आरोग्यकेंद्र यांपासून फार दूर असलेल्या वस्त्या प्रारंभी वगळण्यात आल्या. कारण अटी पाळणे तेथील कुटुंबांना शक्यच नव्हते. त्यामुळे दुर्गम वस्त्यांतील सर्वांत गरजू लोकांपैकी काही जण पहिल्या टप्प्यात योजनेबाहेर राहिले. १९९९ च्या अखेरीस सु. ५०,००० वस्त्यांतील सु. २६ लक्ष कुटुंबे, म्हणजे देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सु. ४० टक्के कुटुंबे, योजनेत समाविष्ट झाली होती.

परिणामांची पाहणी : एवढी कुटुंबे एकाच वेळी समाविष्ट करणे शक्य नव्हते. या अडचणीचाच उपयोग शास्त्रीय तुलनेसाठी करण्यात आला. गेरेरो, इदाल्गो, मिचोआकान, प्वेब्ला, केरेतारो, सान लुईस पोतोसी व व्हेराक्रूस या सात राज्यांतील ५०६ वस्त्या निवडून त्यांपैकी ३२० वस्त्यांत यादृच्छिक पद्धतीने योजना १९९८ च्या पूर्वार्धात लागू करण्यात आली. उरलेल्या १८६ वस्त्यांतील पात्र कुटुंबांना ती १९९९ च्या अखेरीपासून मिळू लागली. मधल्या काळात दोन्ही गटांतील मिळून सु. २४,००० कुटुंबांची वेळोवेळी पाहणी झाली. वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेने तिच्या आधारे २००० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही गट मुळात सारखेच असल्यामुळे त्यांच्यात पुढे दिसलेला फरक पाऊस, पीक वा बाजारभाव यांचा नसून योजनेचा आहे, असे खात्रीने म्हणता येऊ लागले. गरजू कुटुंबांना केवळ तुलनेसाठी थांबवून ठेवणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न त्या वेळी उपस्थित झाला होता. निधी व यंत्रणा अपुरी असल्याने काही कुटुंबांना थांबावे लागणारच होते, हे त्याचे समर्थन दिले गेले.

कुटुंबजीवनातील बदल : हाती आलेला पैसा प्रथम अन्नावर खर्च झाला. लाभार्थी कुटुंबांचा अन्नावरील खर्च वाढला आणि त्याबरोबर आहाराचे स्वरूपही बदलले. मका व घेवडा या नित्याच्या अन्नाला फळे, भाज्या, मांस इत्यादींची जोड मिळू लागली. पाच वर्षांखालील मुलांच्या आजारपणाचे प्रमाण सु. १२ टक्क्यांनी कमी आढळले. अतिदरिद्री घरांतील ज्या अर्भकांना सहा महिन्यांच्या वयाआधी योजनेचा लाभ मिळू लागला, त्यांची उंची दोन वर्षांत तुलनेतील अर्भकांपेक्षा सु. एक सेंटिमीटरने अधिक वाढली. बालपणी खुंटलेली वाढ पुढे भरून निघणे कठीण असल्याने हा फरक आकड्याने लहान असला, तरी परिणामाने मोठा होय.

शिक्षणात सर्वांत ठळक बदल प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत जाण्याच्या टप्प्यावर दिसला. योजनेपूर्वी माध्यमिक स्तरावरील पटनोंदणी मुलींची सु. ६७ टक्के व मुलांची सु. ७३ टक्के होती. योजनेमुळे मुलींच्या नोंदणीत ७ ते ९, तर मुलांच्या नोंदणीत सु. ४ ते ६ टक्क्यांची भर पडली. प्राथमिक स्तरावर नोंदणी आधीच ९० टक्क्यांहून अधिक असल्याने तेथे वाढीस फारसा वाव नव्हता. मुलांचे मजुरीला जाणे कमी झाले. पूर्ण काळ लाभ मिळाल्यास एका मुलाच्या शालेय शिक्षणात सरासरीने सु. दोन तृतीयांश वर्षाची भर पडेल, असा अंदाज अर्थशास्त्रज्ञ टी. पॉल शुल्ट्झ यांनी केला. खेड्यांतील माध्यमिक शिक्षण बहुधा ‘तेलेसेकुंदारिया’ या दूरचित्रवाणीवरील पाठांच्या साहाय्याने चालणाऱ्या शाळांतून दिले जाई. १९६८ पासून चालत आलेली ही शाळांची व्यवस्था आधीच उभी नसती, तर शिष्यवृत्ती घेऊन मुलींना जावयास शाळाच नसती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

फुकटच्या पैशाने माणसे आळशी होतात, हा अशा साहाय्यावरील सर्वांत जुना आक्षेप होय. प्रौढांच्या कामात घट झाल्याचे पाहणीत आढळले नाही. जननप्रमाण वाढल्याचेही दिसले नाही. उलट, मिळालेल्या रकमेपैकी सु. तीन चतुर्थांश भाग उपभोगावर खर्च करून उरलेला भाग कुटुंबांनी कोंबड्या, शेळ्या, कामाची जनावरे, शेती व घरगुती लहानसहान धंदे यांत गुंतविला, असे पॉल गर्टलर व त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये दाखविले. अशा गुंतवणुकीतून मिळणारे उत्पन्न साहाय्याच्या रकमेहून वेगळे व अधिक काळ टिकणारे होते. उधारी व नातेसंबंधांतील देवघेव यांच्याद्वारे योजनेबाहेरील शेजाऱ्यांच्या उपभोगातही वाढ झाली. दर दोन महिन्यांनी ठरलेली रक्कम येणार, या खात्रीचा यात वाटा होता. ज्या घरात उद्याच्या मिळकतीचा भरवसा नसतो, तेथे शेळी विकत घेण्याइतका किंवा मुलीला आणखी एक वर्ष शाळेत ठेवण्याइतका लांबचा विचार करणे परवडत नाही. नियमितपणामुळे तो विचार शक्य झाला.

मातेच्या हाती पैसा आल्याने घरातील तिचे स्थान काही अंशी बदलले. घरखर्चाच्या निर्णयांत स्त्रियांचा सहभाग वाढल्याचे आढळले. सभा, व्याख्याने व रक्कम घेण्यासाठी होणारा प्रवास यांमुळे एरवी घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांचा परस्परांशी संपर्क आला. प्रारंभीच्या काळात लाभार्थी स्त्रियांना पतीकडून होणाऱ्या मारहाणीचे प्रमाण कमी दिसले. तथापि धमक्यांचे प्रमाण वाढलेले होते आणि पुढील वर्षांच्या पाहणीत मारहाणीतील हा फरकही टिकून राहिला नाही. पैसा कोणाच्या नावे येतो, एवढ्याने घरातील सत्तासंबंध कायमचे पालटत नाहीत, असा याचा अर्थ होतो.

मर्यादा व टीका : योजनेच्या अटींचा भार मुख्यतः स्त्रियांवर पडला. मुलांना शाळेत व दवाखान्यात नेणे, व्याख्यानांना बसणे, रक्कम घेण्यासाठी लांबवर जाणे ही सर्व कामे त्यांच्याकडेच आली. मॅक्सिन मॉलिन्यू यांसारख्या अभ्यासकांनी योजना स्त्रियांना सबल करते, की मातृत्वाच्या पारंपरिक भूमिकेतच अधिक जखडते, असा प्रश्न उपस्थित केला. निवडीच्या पद्धतीनेही गावांत दुरावा निर्माण झाला. जेथे बहुतेक सर्वच गरीब, तेथे शेजारच्या दोन घरांपैकी एकास साहाय्य मिळावे व दुसऱ्यास मिळू नये, याचे कारण गावकऱ्यांना उमगत नसे. निवडीची गणिती सूत्रे पुढाऱ्यांच्या मर्जीपेक्षा निःपक्षपाती असली, तरी ती सामान्य माणसास समजावून सांगणे कठीण होते.

अधिक मूलभूत मर्यादा शाळा व आरोग्यकेंद्रे यांच्या दर्जाची होती. मुले शाळेत अधिक काळ राहिली. परंतु पहिल्या काही वर्षांत त्यांच्या परीक्षांतील गुणांत सुधारणा दिसून आली नाही. गर्दी वाढलेल्या आरोग्यकेंद्रांत डॉक्टर व औषधे यांचा तुटवडा जाणवे. शिकून बाहेर पडलेल्या तरुणांना गावाजवळ योग्य रोजगार नव्हता. परिणामी शिक्षणाचा मोबदला मिळविण्यासाठी अनेकांना स्थलांतर करावे लागले. बालपणी लाभ मिळालेल्या मुलांच्या प्रौढ जीवनाची सुझन पार्कर व टॉम व्होगल यांनी पाहणी केली. तीत अधिक शिक्षण, स्थलांतर आणि विशेषतः स्त्रियांचा रोजगारातील वाढता सहभाग हे परिणाम आढळले. मात्र देशातील दारिद्र्याचे एकूण प्रमाण त्या मानाने मंदगतीने घटले. अधिकृत बहुआयामी मोजमापानुसार ते २००८ मध्ये ४४.४ टक्के व २०१८ मध्ये ४१.९ टक्के होते.

विस्तार व अखेर : मेक्सिकोत प्रत्येक अध्यक्षाची कारकीर्द सहा वर्षांची असते व तिच्याबरोबर आधीच्या अध्यक्षाच्या योजनाही लयास जातात, असा पूर्वापार अनुभव होता. २००० मध्ये सत्तर वर्षांहून अधिक काळ सत्तेवर असलेल्या पक्षाचा पराभव होऊन व्हिसेन्ते फॉक्स अध्यक्ष झाले; तरीही योजना टिकली. पाहणीचे अनुकूल निष्कर्ष आणि वाटपातील पक्षनिरपेक्षता ही त्याची प्रमुख कारणे होत. २००१ पासून शिष्यवृत्ती उच्च माध्यमिक स्तरापर्यंत वाढविण्यात आली. २००२ मध्ये ‘ओपोर्तुनिदादेस’ या नावाने योजना शहरांत नेण्यात आली. विस्तारासाठी आंतर-अमेरिकन विकास बँकेने १०० कोटी डॉलरचे कर्ज दिले. २००४ पर्यंत लाभार्थी कुटुंबांची संख्या ५० लक्षांवर गेली. एन्रिके पेन्या न्येतो यांच्या कारकीर्दीत २०१४ मध्ये तिचे ‘प्रोस्पेरा’ असे नामांतर झाले व अखेरच्या वर्षांत ही संख्या ६० लक्षांहून अधिक होती.

डिसेंबर २०१८ मध्ये आंद्रेस मान्वेल लोपेस ओब्रादोर अध्यक्ष झाले. मे २०१९ च्या आदेशान्वये ‘प्रोस्पेरा’च्या यंत्रणेचे रूपांतर बेनितो ह्वारेस यांच्या नावाच्या शिष्यवृत्ती यंत्रणेत करण्यात आले. नव्या व्यवस्थेत मूलभूत शिक्षण घेणारी कितीही मुले असली, तरी प्रारंभी कुटुंबास दरमहा ८०० पेसो अशी एकच रक्कम ठरविण्यात आली. आरोग्यतपासणीची अट, माध्यमिक स्तरावरील मुलींची वाढीव रक्कम आणि वयाबरोबर चढणारी शिष्यवृत्ती या बाबी वगळल्या गेल्या. अटींचा जाच व गरिबांविषयीचा अविश्वास दूर झाला, असे बदलाच्या समर्थकांचे म्हणणे होते. मुले शाळा सोडण्याच्या वयात येताच मिळणारा खास आधार आणि बालकांच्या आरोग्याशी असलेला दुवा तुटला, असे विरोधकांचे म्हणणे होते. सु. बावीस वर्षे चाललेली व बारकाईने अभ्यासली गेलेली योजना अशा प्रकारे संपली. चांगले परिणाम सिद्ध होणे योजना टिकण्यास साहाय्यभूत ठरते. परंतु तेवढेच पुरेसे नसते, हेही तिच्या इतिहासातून दिसते.

महत्त्व : प्रोग्रेसाच्या यशानंतर लॅटिन अमेरिकेतील बहुतेक देशांत या धर्तीच्या योजना आल्या. ब्राझीलमध्ये स्वतंत्रपणे सुरू झालेल्या अशाच प्रयोगांतून २००३ मध्ये ‘बोल्सा फामिलिया’ ही मोठी योजना साकारली. भारतात रुग्णालयीन प्रसूतीस रोख साहाय्य देणारी जननी सुरक्षा योजना (२००५) याच प्रकारात मोडते. अट नसलेल्या रोख साहाय्याचे प्रयोगही पुढे आफ्रिकेत व इतरत्र झाले आणि अटींमुळे बदल घडतो की केवळ पैशामुळे, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

मेक्सिकोतील अनुभवावरून काही निष्कर्ष मात्र स्पष्टपणे निघतात. गरीब कुटुंबाच्या हाती दिलेला पैसा बहुतांशी विचारपूर्वक खर्च होतो. त्याचा सर्वाधिक लाभ लहान मुलांना व शाळा सोडण्याच्या उंबरठ्यावरील मुलींना होतो. आणि नियमितपणा हा रकमेच्या आकाराइतकाच मोलाचा ठरतो. मात्र रोख रक्कम शाळेच्या दारापर्यंत नेऊ शकते; शाळेत काय शिकविले जाते व शिकल्यानंतर कोणते काम मिळते, हे ती ठरवू शकत नाही. त्यासाठी शिक्षक, डॉक्टर, रस्ते व रोजगार यांची व्यवस्था शासनास स्वतंत्रपणेच करावी लागते.